पाकिटावरचा शब्द आणि ग्राहकाची विचारपूस

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून आज पापड, लोणची, मसाले, कुरडया, शेवया, कोकमाचे आगळ, नाचणीचे पदार्थ, गोधड्या, पिशव्या असे नाना प्रकारचे उद्योग घरोघरी चालू आहेत. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ साली सुरू झालेले राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजेच 'उमेद', यांच्या प्रयत्नांमुळे स्वयंसहाय्यता गटांना कर्ज, प्रशिक्षण आणि लहानसहान यंत्रे मिळू लागली. मुंबईतील 'महालक्ष्मी सरस'सारख्या प्रदर्शनांमुळे खेड्यातील माल शहरी ग्राहकाच्या दृष्टीस पडू लागला. माल कसा तयार करावा, याविषयीचे मार्गदर्शन आता पुष्कळ ठिकाणी मिळते. तो एकदा विकताही येतो. परंतु तोच माल त्याच घरात दुसऱ्यांदा जातो की नाही, या प्रश्नाकडे मात्र व्हावे तेवढे लक्ष गेलेले नाही, आणि गृहोद्योगाचे जगणे-मरणे नेमके याच प्रश्नावर अवलंबून असते.

एक साधा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. एखादा गट महिन्याला पापडाची तीनशे पाकिटे तयार करतो आणि एक कुटुंब महिन्याला दोन पाकिटे घेते, असे धरले तर त्या गटाला दीडशे कायमची गिऱ्हाइके पुरतात. तालुक्याच्या गावी दीडशे कुटुंबे मिळविणे कठीण नाही. परंतु प्रत्येक कुटुंब एकदाच माल घेऊन पुन्हा फिरकणार नसेल, तर त्याच गटाला वर्षाकाठी अठराशे नवी कुटुंबे शोधावी लागतील. पहिल्या वर्षी ती मिळतीलही. दुसऱ्या वर्षी कोठून आणावयाची? मोठ्या कंपनीला एक ग्राहक गमावल्याचे जाणवत नाही. तिच्यापुढे सारा देश पसरलेला असतो व जाहिरातीसाठी स्वतंत्र रक्कम बाजूला काढलेली असते. गृहोद्योगाचा ग्राहक शेजारच्या आळीत, पलीकडच्या गावात किंवा शिक्षकांच्या खोलीत बसलेला असतो. तो नाराज झाला तर एकटा जात नाही, आणखी पाच घरांना घेऊन जातो.

म्हणूनच गृहोद्योगाच्या बाबतीत जाहिरात आणि विक्रीनंतरची विचारपूस ही दोन निरनिराळी कामे मानता येत नाहीत. जाहिरातीत जो शब्द दिला तो पाळला गेला की नाही, हे विचारपुशीतून कळते. आणि विचारपुशीत जे कळले त्यावरून पुढच्या जाहिरातीचा शब्द ठरतो.

जाहिरात कशाला म्हणावे

जाहिरात म्हटली की वर्तमानपत्रातील चौकट अथवा दूरदर्शनच्या पडद्यावरील गाणे डोळ्यांसमोर येते. गृहोद्योग चालविणाऱ्या भगिनी सहसा म्हणतात की, "आमची कसली आली जाहिरात!" वस्तुतः पाकिटावर चिकटविलेला कागद, आठवडे बाजारात पाटीवर खडूने लिहिलेला भाव, प्रदर्शनात मालाच्या मागे लावलेला फलक, भ्रमणध्वनीवरून पाठविलेले छायाचित्र आणि चव पाहावयास देताना तोंडाने केलेले वर्णन, या सर्व जाहिरातीच होत. कायद्याची दृष्टीही अशीच व्यापक आहे. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये जाहिरातीच्या व्याख्येत वेष्टन, लेबल, पावती आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर यांचाही समावेश आहे. मालाचे खोटे वर्णन करणे, खोटी हमी देणे किंवा महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे म्हणजे दिशाभूल करणारी जाहिरात होय. अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला उत्पादकास दहा लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. आता एखाद्या बचत गटाच्या मसाल्याच्या पाकिटावरून दिल्लीचे प्राधिकरण धावून येईल, असे कोणी समजू नये. गटाला खरा दंड आधी होतो तो गावातच, आणि त्याची वसुली ताबडतोब होते.

गृहोद्योगांच्या पाकिटांवर काही शब्द वारंवार आढळतात: 'शुद्ध', 'शंभर टक्के नैसर्गिक', 'पारंपरिक', 'अस्सल', 'सेंद्रिय'. ते लिहिणाऱ्यांचा फसविण्याचा हेतू नसतो. इतरांच्या पाकिटावर आहेत, म्हणून आपल्याही पाकिटावर हवेत, एवढाच विचार त्यामागे असतो. खाद्यपदार्थांच्या जाहिराती व दावे यांसंबंधी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली विनियम केले असून 'नैसर्गिक', 'ताजे', 'शुद्ध', 'पारंपरिक', 'अस्सल' यांसारखे शब्द केव्हा वापरता येतील यासाठी त्यांत अटी घातल्या आहेत. 'सेंद्रिय' या शब्दाची बाब तर अधिक काटेकोर आहे. त्यासाठी २०१७ चे स्वतंत्र विनियम आहेत आणि ठरावीक पद्धतीने प्रमाणित झालेल्या मालालाच तो शब्द शोभतो. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्यास प्रमाणपत्राच्या अटीतून काही सवलत असली, तरी त्याच्याकडून हळद घेऊन तिच्यात बाजारची मिरची मिसळणाऱ्या गटाने 'सेंद्रिय मसाला' असे लिहिणे सर्वस्वी गैर होय.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी या शब्दांचा दुसरा दोष राहतोच. ते सर्वांच्या पाकिटांवर असल्यामुळे वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. याउलट सातारा-सांगली-कोल्हापूरकडील एखाद्या गटाने आपल्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर असे लिहिले तर पाहा: 'ब्याडगी व लवंगी मिरची. कांदा उन्हात वाळवून तेलात तळलेला. वरून रंग घातलेला नाही. चैत्रात कांडपयंत्रावर कुटलेला. तिखट आहे, प्रथम निम्मा चमचा घालून पाहावा.' या पाच वाक्यांत एकही विशेषण मोठेपणाचे नाही. पण हे वाचणाऱ्या गृहिणीला पाकिटात काय आहे ते समजते, आणि मसाला करणारीला तो खरोखर करता येतो असाही विश्वास वाटतो. शिवाय यांतील प्रत्येक विधान पडताळून पाहता येते. जे विधान कोणालाही पडताळता येत नाही ते पाकिटावर न घातलेलेच बरे.

यांतील शेवटच्या वाक्याचे महत्त्व विशेष आहे. मालाची मर्यादा आधीच सांगून टाकणे ही गृहोद्योगाच्या जाहिरातीतील सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत उपयोगी गोष्ट होय. वरून रंग न घातलेली मिरची पूड काही महिन्यांनी फिकट पडते. कैरीचे घरगुती लोणचे मुरत जाते तसा त्याचा रंग गडद होतो. नाचणीचा पापड उडदाच्या पापडासारखा पांढुरका दिसत नाही आणि तसा फुलतही नाही. परिरक्षक न घातलेले सरबत बाटली फोडल्यावर थंड जागी ठेवावे लागते. पावसाळ्यात पापडाला दमटपणा येतो आणि तळण्यापूर्वी त्याला ऊन दाखवावे लागते. हे सगळे करणारीला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. आधी सांगितले तर तो मालाचा गुणधर्म ठरतो, आणि नंतर ग्राहकाला आपले आपण आढळले तर तोच दोष ठरतो. माल एकच, फरक पडतो तो केवळ सांगण्याच्या वेळेने.

गावाचे नाव आणि रोगाचे नाव

दोन प्रकारच्या असत्याबाबत मात्र कोणतीही सबब चालू नये. पहिला प्रकार गावाच्या नावाचा. कोकणातील हापूस आंब्याला २०१८ साली, तर सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीलाही २०१८ साली ते मिळाले. या नावांमागे त्या त्या मातीतील शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचे श्रम आहेत. दरवर्षी हंगामात परप्रांतीय आंबा 'देवगड' अथवा 'रत्नागिरी' छापलेल्या पेट्यांत भरून विकला जातो, ही तक्रार जुनी आहे. या व्यवहारात नुकसान दोघांचे होते: ग्राहक जादा पैसे देतो, आणि ज्या घरी खरा आंबा अढीत पिकत असतो त्या घराचा भाव पडतो. घरून आंब्याची अथवा आमरसाची विक्री करणाऱ्याने फळ कोणत्या गावाहून, कोणाच्या बागेतून आले ते सांगावे. कर्नाटकचा आंबा असेल तर तसे म्हणावे. तोही आंबा खाणारे पुष्कळ आहेत.

दुसरा प्रकार रोगाच्या नावाचा. जांभळाच्या बियांची पूड, शेवग्याच्या पानांची भुकटी, कारल्याच्या चकत्या, नाचणीचे सत्त्व असे पदार्थ अलीकडे गृहोद्योगांतून मोठ्या प्रमाणावर तयार होतात, आणि त्यांच्या पाकिटांवर 'मधुमेह बरा होतो', 'सांधेदुखी कायमची जाते' अशी विधाने सर्रास दिसतात. अन्नपदार्थ रोग बरा करतो असा दावा करण्यास २०१८ च्या विनियमांनी मनाई आहे. औषध म्हणून असा प्रचार केल्यास १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम लागू होतो आणि त्याच्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव स्पष्टपणे आहे. परंतु कलमांपेक्षा परिणाम अधिक भयंकर आहे. अशा पाकिटावर विश्वास ठेवून एखादा वृद्ध डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करतो, तेव्हा जाहिरातीतील अतिशयोक्ती ही केवळ व्यापारातील चूक उरत नाही. नाचणी पौष्टिक आहे, तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, हे खरे आहे. तेवढे सांगितले तरी माल खपतो.

वजन, किंमत आणि पत्ता

शब्दांइतकेच आकडेही बोलके असतात. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे विक्रीसाठी बंद केलेल्या पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे आवश्यक आहे. खाद्यपदार्थ असेल तर घटक पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. म्हणजे ज्या लाडवांना 'बदामाचे लाडू' म्हटले त्यांच्या यादीत बदाम सर्वांत शेवटी असेल, तर यादीच नावाला खोटे पाडते. अन्न सुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांकही पाकिटावर असावा लागतो. लहान व्यवसायासाठी ही नोंदणी सोपी व अल्प शुल्काची आहे. तरीही नोंदणी न करताच वर्षानुवर्षे माल विकणारे गट आढळतात, आणि पहिल्या मोठ्या मागणीच्या वेळी त्यांचे पाऊल अडखळते.

निव्वळ वजन म्हणजे पिशवी वगळून आतील मालाचे वजन होय. अर्धवट वाळलेले पापड भरून दोनशे ग्रॅम केले तर ते ग्राहकाच्या घरी वाळतात आणि काटा खाली येतो. पुरते वाळलेले पापड मोजून भरले, आणि वर एखादा पापड अधिक टाकला, तर त्याची किंमत जाहिरातीच्या कोणत्याही खर्चापेक्षा कमी पडते. विक्रीसाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी फेरपडताळणी करून घ्यावी लागते, हे पुष्कळांना माहीत नसते.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे: तक्रार असल्यास ग्राहकाने कोणाशी संपर्क साधावा, त्या व्यक्तीचे अथवा कार्यालयाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक पाकिटावर दिला पाहिजे. बहुतेक गट तो क्रमांक कर्तव्य म्हणून बारीक अक्षरांत छापतात, आणि पुष्कळदा तो एखाद्या भगिनीच्या मुलाचा असतो, जो दिवसभर कामावर असतो. वस्तुतः ग्राहकाची विचारपूस सुरू होते ती येथूनच.

सात जणींची गोष्ट

गृहोद्योगाच्या इतिहासात या संदर्भात एक उदाहरण आवर्जून सांगण्यासारखे आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगावात एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. हाच पुढे देशभर पसरलेला श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड होय. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा चार महिने काम बंद ठेवावे लागले; दुसऱ्या वर्षी एक खाट व एक स्टोव्ह घेऊन, खाटेवर पापड व खाली स्टोव्ह अशी युक्ती योजून ही अडचण दूर करण्यात आली. मोडलेले पापड शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकले जात.

आरंभीच्या काळात या भगिनी दोन प्रतींचे पापड करीत असत. हलक्या प्रतीचा पापड कमी दराने विकावा, असा त्यांचा विचार होता. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख, ज्यांना सर्व जण छगनबापा म्हणत, त्यांनी एकाच ठरलेल्या प्रतीचा पापड करावा, दर्जात तडजोड करू नये आणि हिशेब चोख ठेवावा, असा सल्ला दिला. तो मानला गेला. त्या वेळी जाहिरातीसाठी पैसा नव्हता. तोंडी प्रसिद्धी व वर्तमानपत्रांतून आलेले लेख यांवरच संस्थेचे नाव पसरले. दूरदर्शनवरील तिची जाहिरात घराघरांत पोहोचली ती पुष्कळ वर्षांनंतर, आणि तोपर्यंत पापडाने आपली चव ठरवून टाकली होती.

दोन प्रतींचा मोह आजच्या गटांनाही होतो. 'गरीब ग्राहकाला परवडत नाही, म्हणून थोडा हलका माल करतो' हे म्हणणे वरवर दयाळूपणाचे वाटते. परंतु ग्राहक प्रत लक्षात ठेवीत नाही, नाव लक्षात ठेवतो. ज्याने हलका पापड खाल्ला त्याच्या दृष्टीने त्या गटाचा पापड हलका, एवढेच सत्य असते. परवडण्याचा प्रश्न खरा आहे, यात शंका नाही. त्यावर उपाय म्हणजे त्याच मालाचे लहान पाकीट. दहा रुपयांच्या पाकिटात थोडा माल जावा. वेगळा माल जाऊ नये.

विचारपुशीची वही

विक्रीनंतर ग्राहकाकडे पुन्हा जाण्याची कल्पना नवी नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याच्या वार्ता बाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी. तिचेच पुढे मराठीतील एक मान्यवर मासिक झाले. गृहोद्योगाला मासिक काढण्याची आवश्यकता नाही. त्याला एक दोनशे पानी वही पुरते.

या वहीत विक्रीची तारीख, ग्राहकाचे नाव व क्रमांक, काय घेतले, किती घेतले आणि तो माल कोणत्या घाण्यातील होता, एवढ्या नोंदी असाव्यात. घाणा म्हणजे एका वेळी भिजविलेल्या, भाजलेल्या अथवा कुटलेल्या सामग्रीतून निघालेला सगळा माल. त्याला क्रमांक देऊन तो पाकिटावर घालणे हे खाद्यपदार्थांच्या लेबलविषयीच्या नियमांतही अपेक्षित आहे. या क्रमांकाचा उपयोग अडचणीच्या वेळी कळतो. एका ग्राहकाने लोणच्याला बुरशी आल्याचे कळविले, आणि वहीत घाण्याची नोंद असली, तर त्या घाण्यातील उरलेल्या बाटल्या कोठे गेल्या ते पाहून त्या दुसऱ्या कोणी तक्रार करण्यापूर्वीच परत मागविता येतात. नोंद नसेल तर सगळ्याच लोणच्याविषयी संशय उत्पन्न होतो आणि चांगला मालही पडून राहतो.

माल दिल्यापासून आठ-दहा दिवसांनी एकदा विचारणा करावी. येथे एक सामाजिक अडचण आहे. खेड्यात विक्रेता दारात आला की, तो उधारी मागावयास आला, असेच घरातील माणसांना वाटते. म्हणून विचारपूस आणि वसुली यांची सांगड कधीही घालू नये. वसुलीचा दिवस वेगळा ठेवावा, शक्य तर माणूसही वेगळे ठेवावे. विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. "ताई, मसाला आवडला ना?" असे विचारले तर संकोचाने "हो" एवढेच उत्तर येते, आणि त्यातून काहीही कळत नाही. "ताई, मसाला संपला की अजून आहे? तुमच्याकडे कोणाला जास्त तिखट लागला का?" असे विचारले तर बोलणे सुरू होते. पाकीट महिनाभर तसेच पडून आहे, हे कळणे कौतुकाच्या चार शब्दांपेक्षा अधिक मोलाचे आहे.

तक्रार आली की वाद घालू नये. आपल्याकडील पावत्यांवर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य इतक्या सरावाने छापले जाते, की ते एखादे सुभाषित असावे असे वाटू लागले आहे. परंतु ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे पावती न देणे ही अनुचित व्यापार पद्धती आहे. सदोष माल परत न घेणे, किंवा पावतीवर नमूद केलेल्या मुदतीत पैसे परत न करणे, हीदेखील अनुचित व्यापार पद्धतीच होय, आणि मुदत नमूद नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. ज्या ग्राहकाला माल बदलून मिळतो तो बहुधा पुन्हा येतो. जो गप्प राहून निघून जातो त्याचे काय बिनसले, हे कधीच समजत नाही. म्हणून तक्रार करणाऱ्याचे नाव वहीत लाल शाईने लिहावे ते त्याला टाळण्यासाठी नव्हे, तर पुढचा घाणा निघाल्यावर प्रथम त्याच्याकडे जाण्यासाठी.

दिवाळीचा फराळ करून देणाऱ्या घरांना विचारपुशीची वेळ चुकवून चालत नाही. भाऊबीज उलटून गेल्यावर दोन-तीन दिवसांत ग्राहकाला सर्व काही आठवत असते: चकली मऊ पडली की नाही, अनारसे किती उरले, चिवडा खारट झाला का. पुढच्या आश्विनात विचारले तर कोणालाच काही सांगता येत नाही. परदेशी असलेल्या मुलाबाळांसाठी टपालाने वा कुरिअरने फराळ पाठविणारी कुटुंबे तर अधिकच महत्त्वाची. डबा किती दिवसांत पोहोचला, करंज्यांचा चुरा झाला का, हे विचारून घेतले म्हणजे पुढील वर्षी कोणता पदार्थ दूरच्या प्रवासाला द्यावयाचा व कोणता नाही ते ठरते, आणि जाहिरातीत तसे प्रामाणिकपणे लिहिता येते.

भ्रमणध्वनीमुळे ही विचारपूस स्वस्त झाली आहे, आणि तितकीच त्रासदायकही. दररोज सकाळी फुलांच्या चित्राबरोबर मालाचे दरपत्रक पाठविणे म्हणजे विचारपूस नव्हे. ग्राहकाने क्रमांक दिला तो एका कामासाठी. तो दुसऱ्या विक्रेत्याला देऊ नये, आणि नको म्हटल्यावर त्यावर संदेश पाठवू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे सूत्रही हेच आहे. दुसरी एक नवी खोड म्हणजे नातेवाइकांकडून स्तुतीचे अभिप्राय लिहवून घेणे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, यावरून हा प्रकार किती बोकाळला आहे ते दिसते. दहा खोट्या प्रशंसांपेक्षा 'मीठ थोडे जास्त वाटले. पुढच्या वेळी कमी करून दिले' असा एक खरा अभिप्राय नव्या ग्राहकाला जास्त सांगून जातो.

प्रामाणिकपणामुळे विक्री लगेच वाढते, असे मात्र कोणी गटांना सांगू नये. शेजारच्या दुकानात अधिक लाल, अधिक स्वस्त मिरची पूड असेल, तर काही ग्राहक तिकडे जाणारच. पहिले सहा महिने कठीण जातात. कर्जाचा हप्ता तोंडावर असताना 'थोडा रंग घातला तर काय बिघडले' असे वाटणे स्वाभाविक असते. अशा वेळी गटाला उपदेशापेक्षा दीडशे घरांच्या त्या हिशेबाची आठवण करून देणे, आणि शक्य तर हप्त्याला थोडी उसंत मिळवून देणे, अधिक उपयोगी पडते.

ग्रामपंचायत, शाळा आणि प्रदर्शने

या कामी गावातील संस्थांना बरेच काही करता येण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीने वैध मापनशास्त्र यंत्रणेच्या निरीक्षकांशी बोलून आठवडे बाजाराच्या दिवशी काटे पडताळणीचे शिबिर घेतले, तर गटांची तालुक्याची खेप वाचते. अन्न नोंदणीचे अर्ज भरण्यास पंचायतीच्या संगणकावर साहाय्य करता येते. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी वर्गात निरनिराळी रिकामी पाकिटे आणवून मुलांकडून वजन, तारीख, घटक आणि तक्रारीचा क्रमांक शोधून घेण्याचा पाठ घ्यावा. २४ डिसेंबर या राष्ट्रीय ग्राहक दिनी भाषणांऐवजी हा पाठ झाला तर उत्तमच. ज्या मुलांच्या घरी पापड लाटले जातात ती मुले त्याच संध्याकाळी आपल्या घरचे पाकीट तपासतील. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांकही त्यांना या निमित्ताने माहीत होईल.

प्रदर्शने भरविणाऱ्या अधिकाऱ्यांनाही एक गोष्ट सुचविता येईल. प्रदर्शन संपल्यावर किती गटांनी भाग घेतला व किती रुपयांची विक्री झाली, याचा अहवाल तयार होतो. प्रत्येक दालनावर ग्राहकाच्या संमतीने नाव व क्रमांक लिहून घेण्याची वही ठेवली, आणि तीन महिन्यांनी त्यांतील किती जणांनी पुन्हा माल मागविला ही माहिती त्याच अहवालास जोडली, तर विक्रीच्या आकड्यामागे काय आहे ते दिसू लागेल. यासाठी वेगळा निधी लागत नाही. तपशिलाच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा लागतो, आणि तीन महिन्यांनी कोणीतरी गटाला दूरध्वनी करून तो भरून घ्यावा लागतो.